सिकलसेलसाठी यूडीआयडी कार्ड काढलं, त्याचा सगळा अनुभव

यूडीआयडी म्हणजे सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र, ते कार्ड हातात येऊन आता महिना होतोय. गावातल्या एका मावशीने तिच्या पोरासाठी "कसं काढलं वो तू, मले सांग ना सगळं" म्हणून विचारलं, तिला सांगता सांगता दोन तास गेले, मग म्हटलं हे एकदा लिहूनच काढू, कारण मला सुरुवातीला धड सांगणारं कोणीच मिळालं नव्हतं, जो तो अर्धवट सांगायचा आणि पुढच्या खिडकीवर पाठवायचा.

मी सत्तावीस वर्षांची, पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची, सिकलसेल एसएस पॅटर्न, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार, आईबाबा दोघांकडून आलेला. आमच्या भागात हे रक्तगट विचारावा तसं विचारतात, "एसएस का एएस?" आई एएस, बाबा एएस, म्हणजे दोघंही वाहक, त्यांना स्वतःला काही त्रास नाही, पण अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलामागे चारात एक एसएस निघायची शक्यता असते, ती माझ्यावर आली. भाऊ एए निघाला, म्हणजे त्याच्यात काहीच नाही. लहानपणी हातापायाची बोटं सुजायची तेव्हा गावचे डॉक्टर वात म्हणायचे, कावीळ झाली की झाडपाला, असं करत करत शाळेत रक्ततपासणीवाले आले तेव्हा कळलं. तेव्हापासून रोजची फॉलिक ॲसिडची गोळी, आणि कॉलेजला गेल्यापासून हायड्रॉक्सियुरिया. या कॅप्सूलने दुखण्याचे झटके खरंच कमी झाले, हे आधीच सांगून ठेवते कारण अजून कितीतरी लोकं "कॅन्सरची गोळी आहे ती" म्हणून घाबरून बंद करतात.

२०२३ च्या दिवाळीनंतर डावा खुबा दुखायला लागला. आधी वाटलं नेहमीचं दुखणं उठलंय, पाणी पिऊ, आराम करू, जाईल. गेलं नाही. एका खाजगी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, एक्स-रे काढला, नॉर्मल आला, "नॉर्मल आहे, थोडं चालत जा" म्हणाले. मी चालत गेले आणि दुखणं वाढत गेलं. शेवटी नागपूरला एका हाडाच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, खाजगी सेंटरला ५५०० रुपये, बाबांनी सोसायटीतून उचलले. त्यात निघालं एव्हीएन. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात बसतो ना, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो गोळा आतून मरायला लागतो. सिकलसेलमध्ये हे बऱ्याच जणांना होतं, आणि सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसतच नाही, एमआरआयमध्येच दिसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिचाच सगळा हिशोब आहे.

त्याच डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, "यूडीआयडी काढलंय का?" मी म्हटलं सर मी काही अपंग नाही. ते म्हणाले कायद्याने आहेस. तेव्हा पहिल्यांदा कळलं. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजारही आले, आणि हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. म्हणजे इतकी वर्षं मी हक्कदार होते आणि आमच्या अख्ख्या टोलीत कोणाला माहीत नव्हतं. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिवसाची रॅली दरवर्षी निघते, टोप्या वाटतात, पण यूडीआयडीचा फॉर्म कोणी वाटलेला मला तरी आठवत नाही.

मला ते हवं कशाला होतं ते पण सांगते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मास्टर डिग्री, करायची होती. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के जागा असतात, शिवाय हॉस्टेलला तळमजल्याची खोली मागता येते, मला चार जिने चढणं आता शक्य नाही. सरकारी नोकरीतलं जे ४ टक्के आरक्षण आहे त्याच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत, त्यामुळे कोणी "कार्ड काढा, नोकरी पक्की" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. आमच्याकडे असे एक दोन दलाल फिरतातच.

नोव्हेंबर २०२४ पासून कागदं गोळा करायला लागले. आणि इथूनच खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, सुरू झाली.

पहिला कागद म्हणजे आजार असल्याचा पुरावा. माझ्याकडे शाळेतल्या तपासणीचं कार्ड होतं, पण ती सोल्युबिलिटी टेस्ट, ती फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते, एएस की एसएस ते सांगत नाही. बोर्डाला, म्हणजे अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाला, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्टच लागतो, या तपासण्या हिमोग्लोबिनचा प्रकार नेमका सांगतात. माझा जुना होता पण लॅमिनेशन करून ठेवलेला आणि शाई उडालेली, नवीन करावा लागला. सरकारी ठिकाणी फुकट होतो, वेळ लागतो. रक्त चढवलेलं असेल तर लगेच एचपीएलसी करू नका, दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असतं ना, रिपोर्ट चुकीचा येतो, तीन महिने तरी जाऊ द्या.

दुसरे कागद म्हणजे भरती झाल्याचे. डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी, सगळं. आईने एका पिशवीत ठेवलेलं होतं, पण काढून बघितलं तर माझ्या आयुष्यात जेवढी दुखणी येऊन गेली त्यातली जेमतेम थोडीच त्या पिशवीत होती. कारण सोपं आहे. रात्री दोन वाजता दुखणं उठलं तर आम्ही जाणार कुठे? गावच्या डॉक्टरकडून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, शंभर रुपये, ना पावती ना चिठ्ठी. सकाळपर्यंत आई पाय दाबत बसायची. आणि ज्या वेळी सरकारी दवाखान्यात गेलो त्यातल्या किती वेळा भरतीच करून घेतलं नाही! एकदा, मी बारावीला असताना, दुखण्याने ओरडत होते तर ड्युटीवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या वस्तीतल्या पोरींचं हे नाटकच असते, इंजेक्शनची सवय लागते यांना." घरी पाठवलं. त्या रात्रीचा कागद कुठून आणू?

जिथे भरती झाले होते तिथल्या रेकॉर्ड रूमला लेखी अर्ज दिला. हे करताना एक नियम माहीत असू द्या, रुग्णाने मागितलं तर त्याचे वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यायचे असतात, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमावलीत आहे हे. मी अर्जात तेच लिहिलं, पोच घेतली. तरी ७२ तास म्हणजे तीन आठवडे झाले. आणि त्याच नियमावलीत रेकॉर्ड तीन वर्षंच सांभाळायचं बंधन आहे, म्हणून त्याआधीचं "नष्ट केलं" असं उत्तर मिळालं, ते पण तोंडी. मी म्हटलं तेवढं तरी लिहून द्या. दिलं नाही.

९ डिसेंबरला ऑनलाईन अर्ज भरला. स्वावलंबन कार्डचं सरकारी पोर्टल आहे, अर्जाला फी नाही. मोबाईलवर भरता येतो पण फोटो, सही, आधार, पत्त्याचा पुरावा हे सगळं ठरलेल्या साईजमध्ये अपलोड करायचं असतं, पोर्टल मधेच बंद पडायचं, मग सेतूवाल्या दादाकडे १५० रुपये देऊन भरून घेतला. आधारवर माझं आडनाव एका वेलांटीने वेगळं होतं, ते आधी दुरुस्त केलं, ५० रुपये आणि दहा-बारा दिवस. आधारला मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही, तेही आधी बघून घ्या.

अर्जात अपंगत्वाचा प्रकार निवडताना फक्त "सिकलसेल" निवडून पुढे जाऊ नका! ज्यांना खुब्याचा, मणक्याचा त्रास आहे, किंवा लकवा येऊन गेलाय, त्यांनी दुसरा प्रकार पण टाका. मला हे त्या सेतूवाल्या दादानेच सांगितलं, त्याच्या मामेभावाचं नाकारलं गेलं होतं म्हणून त्याला माहीत होतं. मी सिकलसेल आणि अस्थिव्यंग दोन्ही टाकले.

मग थांबणं. जानेवारीत थंडीने मला परत दुखणं आलं, थंडी आणि कमी पाणी हे सिकलसेलवाल्याचे दोन वैरी, यावेळी मी हट्टाने ग्रामीण रुग्णालयात भरती झाले आणि निघताना डिस्चार्ज कार्ड शिक्क्यासकट घेतलं. आता सरकारी दवाखान्यात केसपेपरचे पैसे लागत नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत आहे (मेडिकल कॉलेजचं खातं वेगळं, तिथे लागतात). त्यामुळे "दवाखान्यात गेलं तर पैसे" हे कारण घरच्यांनी सांगितलं तर त्यांना हे सांगा. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी हे खरं कारण आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

भरती असताना रात्री झोप येत नव्हती तर मोबाईलवर वाचत पडले होते. हा आजार डॉक्टरी जगाने पहिल्यांदा नोंदवला तो १९१० मध्ये शिकागोत, कॅरिबियन बेटावरून दाताच्या डॉक्टरकीला आलेला एक काळा विद्यार्थी होता त्याच्या रक्तात. तेव्हापासून अमेरिकेत हा "काळ्यांचा आजार" ठरला. तिथे काळ्या लोकांत साधारण ३६५ बाळांमागे एकाला असतो. आणि तिकडच्या एका अभ्यासात निघालं की इमर्जन्सीत सिकलसेलच्या पेशंटला बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त थांबावं लागतं, आणि हात किंवा पाय मोडून आलेल्या पेशंटशी तुलना केली तर ५० टक्के जास्त. मोडलेलं हाड दिसतं ना. आमचं दुखणं दिसत नाही, आणि ज्याच्या अंगात ते आहे त्याच्या शब्दावर विश्वास बसत नाही. तिकडेही डॉक्टर म्हणतात की हे नशेसाठी इंजेक्शन मागतात. मी वाचून थक्क झाले, म्हणजे आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या त्या बाई आणि अमेरिकेतला तो डॉक्टर यांची कधी भेट झाली नसेल, तरी वाक्य एकच!

इंग्लंडचं तर अजून वाईट. लंडनमध्ये इव्हान नेथन स्मिथ नावाचा २१ वर्षांचा मुलगा एप्रिल २०१९ मध्ये गेला. सिकलसेल होता, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होता, ऑक्सिजन मागितला तर मिळाला नाही, म्हणून त्याने हॉस्पिटलच्या खाटेवरूनच ९९९ ला म्हणजे तिकडच्या इमर्जन्सी नंबरला फोन लावला. त्यानंतर २०२१ मध्ये तिथल्या खासदारांच्या गटाने चौकशी करून अहवाल काढला, त्याचं नाव "कोणी ऐकतच नाही" अशा अर्थाचं आहे, आणि त्यात वंशभेदाचा मुद्दा सरळ लिहिलाय. आपल्याकडे कोणत्या अहवालात जातीचा मुद्दा असा सरळ लिहितील देव जाणे. माझ्या बोटाला तेव्हा ऑक्सिमीटर लावलेलं होतं, ९६ दाखवत होतं, आणि मी हे पण वाचलं की काळ्या कातडीवर हे मशीन खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, अमेरिकेत २०२० मध्ये त्यावर मोठा अभ्यास झाला, काळ्या पेशंटमध्ये ऑक्सिजन कमी असूनही मशीनने ठीक दाखवल्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. मी पण काही गोरी नाही. सिस्टरला उठवून परत बघायला लावलं, ठीक होतं, पण ती जरा चिडली.

बोर्डाची तारीख आली २६ फेब्रुवारी, बुधवार. आता २६ फेब्रुवारीला होती महाशिवरात्र. सुट्टी. मेसेज पाठवणाऱ्याला कॅलेंडर बघायचं सुचलं नसावं. फोन करून विचारलं तर "पुढच्या बुधवारी या".

५ मार्चला पहाटेच्या गाडीने निघालो, मी आणि बाबा. बाबांनी त्या दिवसाची मजुरी सोडली, ४०० रुपये. मला अर्धं तिकीट, बाबांना पूर्ण. सोबत दोन लिटर पाणी, डबा, दुखण्याची गोळी आणि अंगावर स्वेटर, कारण तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही आणि फरशीवर बसावं लागतं. कागदांचे झेरॉक्सचे दोन संच, ६० रुपये, आणि सगळ्या ओरिजिनल. तारखेप्रमाणे लावून नेलेत तर फार बरं पडतं, डॉक्टरकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं असतात, त्यात पिशवी उपसत बसलात तर संपलं.

रांगेत व्हीलचेअरवाले, कुबड्यावाले, अंध, आणि मी. टोकन देणाऱ्या माणसाने वरपासून खालपर्यंत बघितलं, "तुले काय झालं वो? हातपाय तं सगळे आहेत." मी म्हटलं सिकलसेल. तर म्हणे "ते अपंगात कुठे येते?" मी कायद्याची झेरॉक्स काढली होती, २१ प्रकारांच्या यादीवर पेनने खूण करून, ती दाखवली. तुम्ही पण न्या. भांडण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

मग ताजं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करायला लॅबमध्ये पाठवलं. तिथला मुलगा, वाईट नव्हता, सहज बोलला, "जयभीमवाले ना तुम्ही? तुमच्यात असतेच हे." मी काही बोलले नाही कारण सुई त्याच्या हातात होती. पण मला जे बोलायचं होतं ते इथे बोलते. हा आजार जात बघून आलेला नाही, मलेरिया बघून आलाय. ज्या भागात पिढ्यानपिढ्या जीवघेणा मलेरिया होता तिथे वाहक माणसं, म्हणजे एएसवाली, मलेरियातून वाचायची आणि त्यांची मुलंबाळं पुढे वाढायची, म्हणून हा जीन टिकला, आफ्रिकेत टिकला तसा आपल्या जंगलपट्ट्यातही टिकला. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं होतं. आणि लग्नं जातीतल्या जातीत, म्हणून तो त्या त्या जातीत फिरत राहिला. गोंड, परधान, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा, आम्ही पूर्वीचे महार, आणि हो, कुणबी आणि तेली घरांतही सापडतो. फरक एवढाच की आमच्या वस्तीत तपासणीची गाडी येते, आणि बाकीच्या काही घरांतली माणसं गुपचूप नागपूरला जाऊन खाजगीत तपासतात, पोरीचं लग्न मोडू नये म्हणून. आमचंही मोडतंच. पण नाव आमच्याच जातीचं लागतं.

दुपारी अडीचला आत बोलावलं. बोर्डावरचे फिजिशियन शांत माणूस होते, नीट विचारलं. पण प्रश्न काय होते ते ऐका. वर्षभरात किती वेळा ॲडमिट? रक्त किती वेळा? हिमोग्लोबिन किती? लकवा? हाडाचं काही? मी म्हटलं सर दुखणं तर महिन्यातून एकदा येतंच. ते म्हणाले, "घरचं नाही, ॲडमिट झाल्याचं सांगा, कागद असलेलं." त्यांचंही बरोबर आहे, त्यांना शासनाने गुण द्यायची पद्धत ठरवून दिलीय आणि पुराव्याशिवाय ते लिहू शकत नाहीत. जानेवारीचं डिस्चार्ज कार्ड इथे कामाला आलं. मग एमआरआय घेऊन हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी पाय फिरवून, वाकवून मापं घेतली, चालायला लावलं.

माझे सिकलसेलचे आले ३० टक्के आणि खुब्याचे २०. तुम्ही म्हणाल पन्नास झाले. नाही. दोन अपंगत्वं सरळ मिळवत नाहीत, त्याला सूत्र आहे, मोठा आकडा तसाच ठेवायचा, मग ९० मधून तो मोठा आकडा वजा करायचा, जे येईल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे ३० अधिक (२० गुणिले ६० भागिले ९०), १३.३ आले. एकूण ४३. चाळीसच्या वर गेले. बाबांना मी हे बाहेर येऊन झेरॉक्सच्या मागे करून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे ते साडेपाच हजार वाया नाही गेले."

आणि मग ती पोरगी. माझ्या मागेच बसली होती सकाळपासून, एकोणीस-वीसची असेल, जंगलपट्ट्यातल्या गावची, गोंड, सोबत धाकटा भाऊ. ती मराठी बोलत नव्हती फारशी, भाऊ गोंडीत विचारून सांगायचा. एसएस. माझ्यासारखीच लंगडत होती, माझ्यापेक्षा जास्तच, भिंतीला धरून उठायची. त्यांच्या गावचा रस्ता पावसाळ्यात नाल्याने बंद होतो, त्या महिन्यांत दुखणं आलं तर घरीच पडून राहते. भाऊ म्हणाला, मागच्या श्रावणात आठ दिवस तिने पाणीसुद्धा पडूनच प्यायलं. आशाताई गोळ्या देऊन जायची.

आत जाऊन आली तर २५ टक्के. ॲडमिट झाल्याचा कागद एकच, एचपीएलसीचा रिपोर्ट, बस. खुब्याचा एक्स-रे काढायला लावला, नॉर्मल. आठवतं ना मी वर काय म्हटलं ते? माझाही एक्स-रे नॉर्मलच होता. माझ्या आणि तिच्या टक्क्यांतला फरक हा दुखण्यातला फरक नाहीच, तो रस्त्याचा, भाषेचा आणि एका एमआरआयचा फरक आहे. ज्याला दवाखान्याने जास्त वेळा आत घेतलं तो कागदावर जास्त आजारी, आणि जी दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही ती कागदावर बरी. मला माझ्या वस्तीच्या नावाने घरी पाठवलं होतं तरी दवाखाना माझ्यापासून अकरा किलोमीटरवर होता, तिला तर कोणी घरी पाठवायलाही नव्हतं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला ४३ चा आनंद धड झालाच नाही, नुसता राग येत होता आणि नेमका कोणावर ते ठरवता येत नव्हतं, डॉक्टर तर चांगले होते.

पुढचं पटकन सांगते. १७ एप्रिलला पोर्टलवर ई-कार्ड आणि प्रमाणपत्र डाऊनलोड झालं. प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने मे संपता संपता आलं. कार्डाला रंग असतात, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. माझं पिवळं. प्रमाणपत्र कायमचं नाही, सिकलसेलचं तात्पुरतं देतात, आधी एका वर्षाचं असायचं, आता पाच वर्षांच्या वरच्या पेशंटला २५ टक्के तरी असेल तर तीन वर्षांचं मिळतं. मार्च २०२८ ला परत रांग. आजार जन्माचा, प्रमाणपत्र तीन वर्षांचं, आता काय बोलणार. तोपर्यंतच्या प्रत्येक भरतीचा कागद मी एका फाईलमध्ये लावत जाणार आहे आणि मोबाईलमध्ये फोटो पण, ड्राईव्हवर टाकून.

एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरलाय, दिव्यांग कोट्यात आणि अनुसूचित जातीच्या प्रवर्गात, दोन्ही रकान्यांत टिक करता येते, एकाने दुसरं रद्द होत नाही, कॉलेजचे क्लार्क काहीही सांगोत. ज्यांची मुलं दहावी-बारावीला आहेत त्यांनी पेपरमध्ये तासाला २० मिनिटं जास्त मिळतात ती मागा, शाळेमार्फत आधीच अर्ज करावा लागतो, परीक्षेच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. संजय गांधी निराधारसाठी तहसीलला वेगळा अर्ज, २०२५ च्या मध्यात महिन्याला १५०० होते, उत्पन्नाच्या दाखल्याची मर्यादा दिव्यांगांना ५० हजार आहे. मी अजून केलेला नाही, बाबांचा दाखला तलाठ्याकडे अडकलाय.

टक्के कमी आले तर गप्प बसू नका. कायद्याच्या कलम ५९ मध्ये अपिलाची सोय आहे, मुदत असते, म्हणून प्रमाणपत्र हातात आल्या आल्या तारीख बघा. त्या पोरीच्या भावाचा नंबर मी त्या दिवशीच घेऊन ठेवला होता. एप्रिलमध्ये दोघांना बोलावून अपिलाचा अर्ज लिहून दिला, सोबत आशाताईच्या नोंदवहीतल्या तारखांची झेरॉक्स जोडली, ती चालेल की नाही बघू, पण कुठेतरी तारखेसकट लिहिलेलं एवढंच होतं त्यांच्याकडे. सरकारी एमआरआयसाठी नंबर लावलाय, ऑगस्टमधला मिळाला. भावाला सांगून ठेवलं होतं की आता नाला भरायच्या आधी, पहिल्या दुखण्यालाच तिला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, न्या, आणि कागद घेतल्याशिवाय निघू नका.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, ती भरती आहे. हॅलो म्हणायच्या आधी म्हणाला, "ताई, या टाईमले कागद घेतला." हिमोग्लोबिन साडेपाच आहे, रक्त लागेल म्हणाले, पीएचसीत रक्त नाही, गाडी मिळाली की जिल्ह्याला हलवणार आहेत. मी त्याला म्हटलं तिथूनही रेफर चिठ्ठी घे, आणि रक्ताची पिशवी लावली की तिच्यावरचा नंबर केसपेपरवर लिहायला लाव.